अर्धी सुई

४ नोव्हें. ९८, बुध.
सासूबाईंनी ट्रंक उघडली. आमच्या लेकीच्या, रश्मीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवणार म्हणे. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन होऊनही धूसरच, आणि शिवणार! ह्यांनी लगेच "वा आई!" केलं. ह्यांचं काय जातंय? सुया ओवायच्या मी. त्यांची दोन मऊ झालेली नऊवारी, मामंजींचं एक धोतर, आणि वरून माझी निळी वॉयलची साडी. माझी साडी मला न विचारता.

९ नोव्हें., सोम.
आता रोजचा नियम झालाय. सकाळी चहानंतर पाच सुया ओवून द्यायच्या. क्रीमच्या जुन्या डबीत फ्लॅनेलचा तुकडा, त्यात पाची टोचलेल्या. दोरे संपले की हाक. जेवायच्या आधी सा.बा. बोटांनी सुया मोजतात, पाच भरल्या की झाकण बंद. बाळाच्या अंगाखालची वस्तू, म्हणतात, सुई हरवून चालत न्हाई. क्वार्टरच्या मागच्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसतात. शेजारच्या मिसेस ग्रेवाल रोज कौतुक करून जातात. "माताजी तो मशीन हैं जी, मशीन!" मला मात्र टाके दिसतात. निघतात एकीकडे, पोचतात भलतीकडे.

१३ नोव्हें., शुक्र.
मोहालीहून विहीणबाईंचा फोन. बाळासाठी सेक्टर २२ च्या बाजारातून मखमली रजाई आणली. गुलाबी, झालरीची, मॅचिंग उशी. मग, "आप लोग भी कुछ बना रहे हो ना? रश्मी बता रही थी, कोई ट्रेडिशनल चीज़."
फोन ठेवून गोधडी पाहिली. एक ओळ सरळ असेल तर शपथ. हे त्या बाईसमोर उलगडायचं?
आणि काय मजा आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी बार्शीत, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी शिवलेली गोधडी ह्याच सासूबाईंनी चार आयाबायांसमोर उसवली होती. हसत हसत. "पुन्याची पोर, टाकं बी इंग्रजीत घालतीय." सगळ्या हसल्या. मी आत जाऊन कणीक तिंबत बसले होते. त्यानंतर आजतागायत मी गोधडी शिवलेली नाही.

१६ नोव्हें., सोम.
दुपारी सा.बा. एक ते तीन झोपतात. त्यांच्या दोन ओळी उसवल्या, त्याच जागी माझा धावदोरा घातला. माझ्या डब्यातली बारीक सुई घेतली. हात विसरला नाहीये. दोन्ही ओळी रेघेसारख्या. त्यांना कळणार नाही, दिसतं कुठे?

२० नोव्हें., शुक्र.
आतापर्यंत नऊ ओळी. सा.बा. सकाळी पुढे शिवतात, मी दुपारी मागे दुरुस्त करते. संध्याकाळी ह्यांनी हातात घेतली. "आईचा हात बघ, अजून काय सफाई आहे!" सा.बा. खूश. मी पोळ्या लाटत होते. लाटणं आपटलं थोडं.

२४ नोव्हें., मंगळ.
सुई मोडली.
कोपऱ्याजवळ सगळे थर एकावर एक येतात तिथे. घाईत रेटली आणि कट्. नेढ्याकडचा अर्धा भाग हातात. टोकाचा आत कुठेतरी.
तळव्यांनी दाबून दाबून इंच न् इंच पाहिली. खाली चटई, फरशी, माझी साडी, झाडूचा कचरा. नाही. तीनला पाच मिनिटं होती, घडी घालून जागेवर ठेवली.
अख्खी उसवावी? तीन आठवड्यांचं काम. का उसवली विचारलं तर काय सांगू?
बाळाची पाठ डोळ्यांसमोरून हलत नाही.

२५ नोव्हें., बुध.
नेहमीसारख्या पाच सुया ओवून दिल्या. सा.बा. त्याच गोधडीवर हात फिरवत शिवत बसल्या. मी खिडकीतून बघत होते. टोचली तर टोचली, निदान सापडेल तरी, असंही मनात आलं. हो, आलं.

२६ नोव्हें., गुरु.
संध्याकाळच्या चहाला सांगून टाकलं. वाक्य आपोआप तोंडातून गेलं. "आईंची सुई मोडलीय वाटतं. मला चटईवर हा अर्धा तुकडा मिळाला." ह्यांचा चेहरा उतरला. सा.बा. शांतपणे म्हणाल्या, "माझी न्हाई. माझ्या पाची हायत." डबी आणली. मोजल्या. चार.
पुन्हा मोजल्या. पुन्हा चार. पलंगावर उपड्या करून एकेक बोटाखाली घेतली. "जेवायच्या आधी पाच व्हत्या."
"राहू दे आई," हे म्हणाले. "वय झालं. होतं असं."

वर 'आपोआप' लिहिलंय ते खोटं आहे. दुपारी त्या झोपल्यावर मीच डबीतली एक काढून घेतली होती. डाळीच्या डब्यामागे ठेवलीय. निदान इथे तरी खरं लिहावं.

२८ नोव्हें., शनि.
ह्यांनी फ्रिजवरचं केळ्याचं मॅग्नेट गोधडीभर फिरवलं. केळं कशालाही चिकटलं नाही.
सा.बा.ंनी गोधडी मागून घेतली. मांडीवर घेऊन बोटं फिरवत गेल्या, काठाकडून आत. एका ठिकाणी थांबल्या. मागे गेल्या. पुन्हा तिथेच.
"हे टाकं माझं न्हाईत."
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मग कुणाचे असणार आई? तुम्हीच घातलेत. विसरलात."
"बारीक हायत. मी येवढं बारीक घालत न्हाई."
"त्या दिवशी ह्यांनी कौतुक केलं तेव्हा तुम्हीच हसलात की. तेव्हा तुमचे होते, आज नाहीत?"
बोटं तिथेच. मग हळूच, मला नाही, स्वतःलाच म्हणाल्या, "इसरले व्हय मी?"
मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. बार्शीची ती दुपार फिटल्यासारखं. भांडी घासून होईपर्यंत टिकलं.

२ डिसें., बुध.
इथल्या आपल्या मराठी लोकांच्या गणपतीत येणाऱ्यांपैकी एक डॉक्टर, नागपूरचे, स्वतःचं एक्स-रे क्लिनिक आहे. ह्यांनी त्यांना गाठलं. गोधडी पिशवीत घालून आम्ही दोघं गेलो. टेक्निशियन पंजाबी पोरगी, रजिस्टर उघडून, "पेशंट का नाम?" डॉक्टर म्हणाले, "लिख दो गोधडी. उमर एक महीना." सगळे हसले. मीही हसले.
फिल्मवर सगळी धुरकट राखाडी आणि कोपऱ्याजवळ एक पांढरी बारीक रेघ. डॉक्टरांनी पेनाने गोल केला. "बाळाच्या मानेखालीच आली असती हो. आजींना आता शिवायला देऊ नका."
हे "नाही नाही" म्हणत राहिले.

३ डिसें., गुरु.
ह्यांनी दाढीच्या ब्लेडने तेवढा कोपरा उसवला. निघाली. दोन्ही तुकडे टेबलावर जोडून ठेवले, बरोबर बसले. मग गोधडी चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ बघत होते.
"हे टाके आईचे?"
"हो."
"बरं."
एवढंच. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांचं 'बरं' मला कळतं. त्यांना कळलंय. पण विचारलं तर मला काहीतरी बोलावं लागेल, आणि मग त्यांनाही. त्यापेक्षा आईचं वय झालं हे सोयीचं. मग ह्यांनीच क्रीमची डबी उचलून माळ्यावर टाकली. सा.बा. दारात उभ्या होत्या. डबीचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

१४ डिसें., सोम.
रश्मी बाळंतपणाला आली. पाय सुजलेत. जावई सोडून गेले, सोबत गुलाबी रजाई. ह्यांनी एक्स-रेची गंमत सांगितली. आधी पोट धरून हसली, मग हसायची थांबली.
"सॉरी आजी. पर मैं रिस्क नहीं लूँगी. बेबी को उस पर नहीं सुलाऊँगी, पक्का."
"सुई निघालीय गं," मी म्हटलं.
"एक निघाली मम्मी. और कितनी होंगी, आजी को क्या पता?"
सा.बा. म्हणाल्या, "बराबर हाय तिचं." स्वतःच्या हाताने घडी घातली आणि ट्रंकेत टाकली. नऊवारी, धोतर, माझी निळी साडी, सगळं पुन्हा जिथल्या तिथे गेलं.

२२ डिसें., मंगळ.
धुकं. समोरचं फाटकही दिसत नाही.
सा.बा. आता सगळं मला विचारतात. मी जेवले का गं? गोळी घेतली का? नळ बंद केला का? नळाकडे कोणी गेलेलंच नसतं. ह्या बाईने मला कधी मीठ किती घालू एवढंही विचारू दिलं नव्हतं. हुकूमच असायचा. तोंडाने इतकी तिखट की मी माहेरी पत्रात लिहायची, इथे मिरची लागत नाही. ती बाई आता शाल पांघरून बसते आणि अंगठा बोटांवर घासत राहते.
दुपारी रश्मी ह्यांच्याबरोबर चेकअपला गेली. आम्ही दोघीच, मधे हीटर. मी म्हटलं, "आई."
"काय गं?"
मी हीटर त्यांच्याकडे वळवला.
"चहा ठेवू?"
"ठेव की."

५ जाने. ९९, मंगळ.
डाळीचा डबा सरकवताना ती पाचवी सुई मिळाली. तिला परत डबीत घालायला माळ्यावर चढले. स्टूलवर उभी, डबी हातात, आणि रश्मी आली. "मम्मी, क्या कर रही हो?" म्हटलं, कोळ्याची जाळी काढतेय. सुई कचऱ्यात टाकली. कागदात गुंडाळून, कचरेवाल्याला लागू नये म्हणून. एवढी काळजी मला कचरेवाल्याची.

१९ जाने., मंगळ.
मुलगी झाली. पहाटे. दोघी ठीक. सा.बा.ंना सांगितलं तर हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

२४ जाने., रवि.
बाळ घरी आलं. विहीणबाई, जावई, मिसेस ग्रेवाल, सगळ्यांनी घर भरलेलं. लाडू, फोटो, हिंदी-पंजाबीचा गलका. बाळ गुलाबी रजाईत. विहीणबाईंनी खरंच चांगली आणलीय, उगाच कशाला नावं ठेवू.
सा.बा. कोपऱ्यातल्या खुर्चीत. सकाळी सहाला आंघोळ करून नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. जावई म्हणाले, "पहले परनानी की गोद में." रश्मी बाळाला घेऊन त्यांच्यापुढे वाकली.
सा.बा.ंनी हात शालीत घेतले.
"नगं. माझ्या हाताचा भरवसा न्हाई बाई."
रश्मी थांबली. मला वाटलं, म्हणेल काहीतरी, हसेल, ठेवेल बाळाला मांडीवर. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हे जावयाला लाडूचं ताट देत होते. खोलीत एकानेही "असं काय म्हणता" म्हटलं नाही. मीही नाही. मी तर जवळच उभी होते.
"मम्मी, तू घे," रश्मी म्हणाली. "तेरे हाथ पक्के हैं."
मी घेतली.
केवढीशी. डोकं तळव्यात मावतं. मी सा.बा.ंच्या खुर्चीशेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले, बाळ त्यांच्या गुडघ्याला लागेल इतकी जवळ. त्यांनी मान पुढे केली. दिसत नव्हतं त्यांना, धुक्यात चेहरा शोधावा तसं करत होत्या. हात मात्र शालीतच.
"कुनावर गेलीय गं?"
"तुम्हीच बघा ना आई. हात लावून बघा."
"नगं नगं. तूच सांग." मग अगदी साध्या आवाजात, रागाने नाही, टोमण्यानेही नाही. तसं असतं तर मी ओळखलं असतं, एकोणतीस वर्षं ऐकलाय तो आवाज. "आता तू सांगशील त्येच खरं."
सगळे आपापल्या बोलण्यात होते. फक्त ह्यांचा हात ताटावर थांबला होता.
मी तोंड उघडलं. म्हटलं, "नाक तुमच्यासारखं आहे."
ते खरंच आहे तसं.