सकाळी सातचं पाणी

प्रिय चिमणे,

पत्र मिळालं. ‘आई, तू रागावली असशील ना?’ एवढं विचारायला तू चार पानं खर्ची घातलीस! रागावले आहेच, पण तुझ्यावर नाही. प्रदूषण मंडळाची तपासनीस म्हणून कारखान्याच्या नाल्यातलं पाणी तू दुपारी तीनला बाटलीत भरलंस, तपासलंस आणि निघालं ते अहवालात लिहिलंस. रंगखातं बंद पडलं, ते पाण्यात विष होतं म्हणून. तू ते ओतलं नव्हतंस.

वसाहतीत आता लोक मला पाहून रस्ता बदलतात. शेजारच्या काकू मात्र समोर येऊन म्हणाल्या, “मुलीला शिकवलंत आणि आमच्या चुली विझवल्यात!” मी म्हटलं, “काकू, नळाला जांभळं पाणी आलं तेव्हा बादली घेऊन माझ्याच दारात आला होतात. शिवाय नाल्याचा व्हॉल्व्ह वीस वर्षं तुमचेच यजमान उघडत होते.” घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. ते बिचारे नुसता व्हॉल्व्ह उघडायचे. पाणी स्वच्छ असल्याच्या अहवालावर सही माझी होती.

कंपनीचा वकील तुला कारखान्याच्या प्रयोगशाळेतले माझे बत्तीस वर्षांचे अहवाल दाखवतोय. ‘तुमच्या आईच्या सहीने पाणी स्वच्छ होतं, मग तुमच्याच बाटलीत घाण कुठून आली?’ म्हणे. ऐक. त्यातला एकही आकडा खोटा नाही. मिशनच्या शाळेत मी नुसती खाडाखोड केली तरी सिस्टर बाकावर उभं करायच्या; आकडे बदलण्याची माझी छाती नव्हती. पण नमुना आम्ही घ्यायचो सकाळी सातला. रंगाच्या टाक्या नाल्यात सुटायच्या दुपारी. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या मुलींना मीच शिकवायचे, ‘नमुना सातला, चहा आठला.’ फॉर्मवर वेळेचा रकाना होता. तो मी बत्तीस वर्षं कोरा ठेवला आणि वर माझ्या प्रामाणिकपणाचा तोरा मिरवला. खालच्या वस्तीतल्या बायका त्याच पाण्यात कपडे धुवायच्या, हात सोलवटून घ्यायच्या. मी त्यांना मलम सुचवायचे. शहाणी!

मला वाचवायला अहवाल मागे घेऊ का, असं तू शेवटच्या पानावर पुसट अक्षरात विचारलं आहेस. घेऊन तर बघ, उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवू देणार नाही. जे मला नोकरीभर जमलं नाही, ते तू नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केलंस. मला इतका अभिमान वाटतोय की शेजाऱ्यांच्या शिव्यासुद्धा गोड लागतात.

हे सगळं मी कालच सहीनिशी चौकशी समितीला लिहून दिलं आहे. सोमवारी साक्षीला येते आहे. मला तिथे पाहून तू दचकू नयेस, म्हणून हे पत्र. वकील माझे वाभाडे काढेल; काढू दे, मध्ये पडू नकोस. ही बाई कोण, असं त्याने विचारलं तर मान खाली न घालता सांग, ‘माझी आई.’ मीही तुझ्याकडे बोट दाखवून सांगणार आहे, ही माझी मुलगी.

तुझीच, उशिरा का होईना खरं बोलणारी,
आई