सही न झालेलं जर्नल

आई, काल कपाट आवरताना तुझं केमिस्ट्रीचं जर्नल हातात आलं. तपकिरी कव्हर आणि त्यावर तुझं ठसठशीत अक्षर. आज कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींची जर्नलं सहीसाठी आली आहेत, गठ्ठा टेबलावर पडून आहे, आणि मी तो बाजूला सारून तुला लिहीत बसले आहे. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. एव्हाना माझा हेवा तरी विझायला हवा होता.

बारावी सायन्स होऊन तू लग्न करून या घरात आलीस, आणि एकोणीस वर्षांनी, मी बी.एस्सी.चा फॉर्म भरला त्याच आठवड्यात, तूही भरलास. मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट करायला आपण कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेलो होतो. तो म्हणाला, "इतकी वर्सं काय करत होता, ते लिवावं लागतंय बाई." तू म्हणालीस, "घर केलं. तसंच लिहा." मी शेजारी उभी राहून रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. तू कंटाळली नाहीस. एकाच पांढऱ्या कापडातून दोघींचे अ‍ॅप्रन शिवलेस, साडीवर तुझा चढवलास आणि क्रांती चौकातून माझ्या मागे मागे चालत कॉलेजात आलीस. मी मुद्दाम भरभर चालायचे. आडनाव एक, म्हणून रोल नंबर लागोपाठ आले आणि प्रयोगशाळेतलं टेबलही एकच मिळालं.

तो दिवस अजून समोर आहे. वर ब्युरेटची उभी काचनळी, तिच्यातून थेंब थेंब अल्कली खालच्या फ्लास्कमध्ये पडते आहे. फ्लास्कमधलं आम्ल पाण्यासारखं स्वच्छ. एक क्षण असा येतो की त्यात फिकट गुलाबी रंग धरतो. तिथंच थांबायचं. पुढे गेलं की गर्द होतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. माझं नेहमी गर्द व्हायचं. तू हळूच म्हणायचीस, "आगं, बघ ना. रंग येतो आन् जातो. जायला वेळ लावायला लागला की समजायचं. दूध वर यायच्या आधी कडंनं हलतं, तसंच हाय हे. तवा हात आवरायचा. तुला लई घाई असती." मला ते ऐकायचंच नव्हतं. कुणाची आई शेजारी उभी राहून शिकवते? बाकीच्या मुली घरी जाऊन आईला शिकवत होत्या.

सर फिरत फिरत आपल्या टेबलाशी आले. तुझा फ्लास्क उचलून उजेडात धरला. "सगळे इकडं या. एंड पॉइंट म्हणजे काय, ते या ताईंच्या फ्लास्कमध्ये बघा." सगळा वर्ग गोळा झाला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हे काय, गुलाबाचं सरबत? घरात मास्तरीण असून ही तऱ्हा?" वर्ग हसला. तू हसली नाहीस. तू हसली असतीस तर मला सोपं गेलं असतं. जाताना सर सांगून गेले, एका टेबलाचं रीडिंग, म्हणजे किती मिलिलिटर अल्कली लागली तो आकडा, एकच पाहिजे, आपसांत ठरवा. तुझं दहा पूर्णांक दोन होतं, माझं दहा पूर्णांक आठ. संध्याकाळी स्वयंपाकघरात तू ओट्यावर वही उघडलीस तेव्हा मी म्हणाले, "मी माझंच लिहिणार." तू एवढंच म्हणालीस, "बरं." त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळत होते. मैत्रिणी वह्या घेऊन घरी यायच्या, मला हाक मारायच्या आणि काकू, काकू करत तुझ्याजवळ जाऊन बसायच्या.

मार्चमध्ये हर्सूलच्या आत्याचं ऑपरेशन झालं आणि तू चार दिवस तिच्याकडे राहिलीस. फोनवर म्हणालीस, "दोन्ही जर्नल उद्या देऊन टाक बाय. उद्याचीच तारीख हाय. सही नसली तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत." मी माझं दिलं. तुझं माझ्या गादीखाली सरकवलं आणि तू आल्यावर म्हणाले, विसरले. सरांपाशी जाऊन रडले असते तर त्यांनी घेतलं असतं. तू गेली असतीस तर नक्कीच घेतलं असतं. तू गेली नाहीस. गाद्या रोज सकाळी तूच उचलायचीस, म्हणजे जर्नल तुला सापडलंच असणार. तू ते तिथंच राहू दिलंस. म्हणालीस, "पुढच्या साली बघू." पुढच्या साली मी दुसऱ्या वर्षाला गेले आणि तू घरी राहिलीस. टेबलाशी मी एकटीच होते आणि मला हलकं वाटत होतं. तुझा अ‍ॅप्रन कापून तू उशीचे अभ्रे केलेस. मी त्यावर झोपले.

आता विभागप्रमुख मी आहे. मुलींना सांगते, रंग जायला वेळ लावायला लागला की हात आवरा. त्या माझंच वाक्य म्हणून लिहून घेतात, आणि मी ते तुझं आहे असं सांगत नाही. माझ्या हाताला ती नजर अजून नाही. मी सावकाश करते, मोजून करते, पण तू बोलता बोलता थांबायचीस.

काल तुझं जर्नल पहिल्यांदा पानोपान वाचलं. खरं सांगते, चूक शोधत होते. एक तरी सापडावी असं फार वाटत होतं. आणि सापडली. दहा पूर्णांक आठ. मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकून बसले. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खाली आधीचा आकडा खोडलेला होता, दहा पूर्णांक दोन. टेबलाचं रीडिंग एक व्हावं म्हणून तू माझं चुकीचं उतरवून घेतलं होतंस. पूर्ण जर्नलात तेवढी एकच चूक आहे, आणि तीसुद्धा माझी.

पहिल्या पानावर प्रमुखांच्या सहीची जागा कोरी आहे. ती सही आता मीच करायची. हा कागद घडी घालून त्याच जर्नलात ठेवणार आहे. सहीसाठी मी दोनदा पेन उघडलं आणि दोन्ही वेळा बंद केलं. आई, तू माझ्यावाचून कुठंतरी अडून आहेस, हे मला अजून आवडतं.