देवीशेजारचा फोटो

सर, मंगळवारी सकाळी मी कळंबच्या ऑफिसात गेलो, झाडून घेतलं, देवीच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावली आणि शेजारच्या तुमच्या फोटोला ओवाळलं नाही. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. ज्युनिअर वकिलानं सिनिअरचा फोटो देवाशेजारी लावायचा, माळ घालायची, हे आपल्याकडं कुणी सांगावं लागत नाही. मनात तुमच्याविषयी इतका राग असूनही मी घालत आलो.

सास्तूरचा तो मास्तर आठवतो? त्याच्या नावानं कुणीतरी खोटं अकाउंट काढून शाळेतल्या बाईंना घाण मेसेज पाठवले होते आणि गुन्हा मास्तरावरच लागला होता. मी नुकताच सायबरचा कोर्स करून आलो होतो. अकाउंट कुठून उघडलं याची नोंद कंपनीकडं असते, ती पोलिसांकरवी मागवू, असं मी बाररूममध्ये म्हणालो. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "वकील हायस का मोबाईल दुरुस्तीवाला? स्टँडवर दुकान टाक, लई चालंल." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं तुम्ही.

मग व्हरांड्यात मास्तराला म्हणालात, "कबूल कर, दंड भर, सुट."

"सर, म्या केलंच न्हाय."

"ते मला ठावं हाय. तारखा खात बसलास तर इथंच म्हातारा होशील."

किरकोळ गुन्हा कबूल करून दंडावर सुटायची आपल्या कोर्टात जुनी सवय. पण कबुली म्हणजे शिक्षा, याची नोकरी जाईल, असं मी म्हणालो. तुम्ही घड्याळ पाहिलंत. दुपारी तुम्हाला लग्नाला जायचं होतं. मास्तराची नोकरी गेली. तुम्ही लग्नात जेवलात.

गेल्या आठवड्यात तोच माणूस मुलीला घेऊन माझ्याकडं आला. ती नर्स आहे. फोनवर गोड बोलून कुणीतरी तिच्याकडून ओटीपी घेतला, तिचं व्हॉट्सॲप बळकावलं आणि त्यावरून लोकांना धमक्या दिल्या. गुन्हा तिच्यावर. मी खुर्ची पुढं केली. त्याची नजर भिंतीवर गेली.

"बसा म्हणालाव, पर ह्यांच्या फोटोखाली म्या बसणार न्हाय. पोरीला तर न्हाईच न्हाय. गावातली तिला आताच म्हणालेत, कबूल करून मोकळी हो."

"अहो, कंपनीकडच्या नोंदी कायम राहत नाहीत. लवकर अर्ज करावा लागेल."

"मंगळवारी येतो. फोटो दिसला तर दारातूनच माघारी."

राग होता, तरी गुरूचा फोटो उतरवणं पाप वाटत होतं. रोज देवीपुढं उभा राहिलो. ती काय बोलणार? पण तिच्याकडं बघताना दरवेळी तुम्ही मध्ये येत होतात, आणि ते मला सहन होईना.

मंगळवारी ते आले तेव्हा भिंतीवर तुमच्या फोटोच्या जागी नुसता चौकोन उरला होता. मास्तर त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला, मग बसला. मुलीनं मोबाईल टेबलावर ठेवला. नोंदी जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दुपारी दिला. तिच्या कबुलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी फोटो माळेसकट तुमच्या घरी नेऊन दिला. सूनबाईंनी विचारलं, "काच फुटली का हो?"

"नाही," म्हणालो आणि निघालो. उतरवताना मी पायातले बूट काढले होते, हे त्यांना सांगितलं नाही.