सर्जेरावच्या नावाचा रांजण

११ एप्रिल १९९९, कळस

पोहोचलो एकदाचा! टेम्पोत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरने विचारलं, टीव्ही का? म्हटलं, त्याचा बाप. बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची नोकरी आणि राहायला इथे दोन ऐसपैस खोल्या. पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. दिपाली बाळंतपणासाठी इंदापूरला माहेरी आहे. आमची तान्ही वैष्णवी जरा बाळसं धरू दे, की दोघींना इथे आणायचं. तोवर घर लावून ठेवतो.

घरमालक तात्याबा आणि सिंधुबाई शेजारच्या खोलीत राहतात. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती. मला मास्तर म्हणतात. सिंधुबाईंनी लिंबाखालच्या रांजणातलं पाणी दिलं, पण आधी थोडं जमिनीवर ओतून "सर्जेराव, पी बाबा" म्हणाल्या. मी विचारल्यावर तात्याबांनी सांगितलं की सर्जेराव त्यांचा थोरला. भर उन्हात मेंढरं घेऊन आला, आणि नेमका रांजण रिता. सिंधुबाई पाणी आणायला गेल्या तेवढ्यात तो इथेच पडला आणि गेला. तेव्हापासून रांजण त्याच्या नावाचा, आणि कधी रिता ठेवत नाहीत. ऐकून वाईट वाटलं. पाणी मात्र काय गार होतं!

१६ एप्रिल

डोकं फिरलंय. माझा प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा, पण बोर्डावर एक सेटिंग बदललं की साडेचारशेवर पळतो. पुण्यातल्या दोन मित्रांचे पळतात. माझा मात्र विंडोज उघडली की मान टाकतो. कारण उघड आहे. खोलीतच बेचाळीस डिग्री, पंखा गरम हवाच प्रोसेसरवरच्या गरम ठोकळ्यावर मारतो. त्यात भारनियमन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आता पाण्यानेच गार करणार. बारामतीच्या लेथवाल्याकडून तांब्याचा पोकळ ठोकळा करून घेतला, आत पाण्याला नागमोडी वाट. भंगारातून छोटा पंप आणला. नळी गवंड्यांची, लेव्हल बघायची, पारदर्शक.

२२ एप्रिल

बादलीभर पाणी तासाभरात कोमट होतं. बोअरच्या पाण्याने ठोकळ्यात पांढरे थर. पुन्हा घासा, पुन्हा जोडा, पुन्हा हँग. तीनशेवर समाधान मानायला मी काय इतका लेचापेचा आहे? दुपारी चिडून अंगणात आलो, रांजणाला हात लावला आणि जागीच थांबलो. भट्टीसारख्या उन्हात पोट गारेगार! मातीतून पाणी झिरपतं, उडतं, आतलं गार राहतं. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

२५ एप्रिल

तात्याबा आणि सिंधुबाई कळंबला लेकीकडे गेले, कौसल्याकडे. तिचंही बाळंतपण आहे. निघताना सिंधुबाईंनी दोनदा बजावलं. "मास्तर, रांजण तेवढा रिता पडू देऊ नका. आनि झाकू नका. वाटंचं मानूस पिऊन जाऊ द्या." मी हो म्हटलं.

रिता कुठे ठेवतोय? उलट मी तो कायम काठोकाठ भरलेला ठेवणार. पंप आत बुडवला तर मोटारीची ऊब पाण्यात उतरते, म्हणून बुडाशी भोक पाडून नळी बसवली आणि एम-सीलने लिंपली. पंप बाहेर, कॉम्प्युटर खिडकीशी. गरम झालेलं पाणी वरून परत रांजणात. लिंबाचा पाला पडतो म्हणून तोंडावर प्लायवूड टाकून वर दगड ठेवला. दोघं परत आल्यावर कशाला कोणाला कळतंय?

२८ एप्रिल

साडेचारशे! दिवसभर एकदाही हँग नाही. अंगणात नाचलो. एकट्याने.

१ मे

पाणी कमी होतंय. झिरपून उडतं तेवढं मी हिशेबात धरलंय, हे त्याहून फार जास्त आहे. सगळ्या सांध्यांवर राख भुरभुरली, एक ठिपकासुद्धा ओला झाला नाही. नळीखाली वर्तमानपत्र पसरलं, कोरडं. भरला की दुपारपर्यंत निम्मा. गळती सापडत नाही म्हणजे काय! पाणी काय हवेत जातंय?

३ मे

दिपाली आणि वैष्णवी आल्या. पोरीने माझं बोट असं धरलं की सोडेचना. दिपालीने खिडकीतल्या नळ्या बघितल्या आणि म्हणाली, संसार थाटायला सांगितला होता, तुम्ही नळयोजना केलीत. हसलो. पण सारखं लक्ष रांजणाकडे.

५ मे

भर दुपारी लाइट गेली. पंप बंद, सगळं शांत. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो मागे सरकला, कॉम्प्युटरकडून रांजणाकडे. थांबला. पुन्हा सरकला. झाकलेल्या रांजणातून आवाज येत होता, ओंजळीला तोंड लावून पितात तसा.

प्लायवूड काढलं. आत कोणी नाही. पाणी तळाला गेलेलं.

मला राग आला, खरंच. भीती नंतर वाटली.

६ मे

नळी उपटली, पंप काढला. खड्ड्यात जावो ते साडेचारशे. भोक एम-सीलने बुजवलं. रांजण भरला, झाकण न ठेवता. दुपारी बघतो तर एम-सील आत ओढलं गेलेलं, अंगण कोरडं ठणठणीत. मग आवाज आमच्या माठातून आला. मग बादलीतून.

तिघांचेही ओठ फुटलेत.

७ मे

दिपालीचं दूध आटलं. तांब्यामागून तांब्या पाणी पिते आणि तरी जीभ कोरडी म्हणते. वैष्णवी रडते, पण डोळ्यांत टिपूस नाही.

यष्टीने इंदापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, शोष पडलाय. सलाईन लावलं. बाटली संपली. पोरीचा ओठ तसाच पांढरा. दिपाली माझ्याकडे बघत होती, काय केलंत म्हणून. मी सांगितलं, सगळं. ती म्हणाली, मग परत चला आणि भरा तो रांजण.

रात्री कळसला परतलो, कळंबला निरोप धाडलाय.

८ मे, सकाळ

दोघं आले. सिंधुबाई भोकाशी बसल्या, त्यात बोट घालून बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "त्येला वाटतंय, आईनं पुन्यांदा रिता ठेवला."

तात्याबा म्हणतात, एकदा पोटभर पिऊ द्या त्याला. पण भरायचा कसा? चिंध्या, मेण, चिखल, लाकडाची खुंटी — जे लावावं ते आत ओढून घेतो.

दुपार

डावा तळहात भोकावर दाबून बसलोय. वही गुडघ्यावर. काही लिहीत राहिलो नाही तर ओरडेन. तळहात राहतो. तेवढाच राहतो. सिंधुबाई घागरी ओततात, नाव घेतात — सर्जेराव, पी बाबा — पाणी चढतंय. पहिल्यांदाच चढतंय.

दिपाली आत पोरीला घेऊन. रडण्याचा आवाज नाही पोरीचा. सकाळपासून नाही.

काठाशी आलंय. तात्याबा म्हणतात हलू नका.

तळहाताला आतून काहीतरी लागलं — खरखरीत — ओठ

पितोय. रांजणातलं तसंच आहे, काठोकाठ, हलतसुद्धा नाही. मग कुठलं —

आत वैष्णवी रडली! मोठ्याने. दिपाली ओरडतेय, अहो, डोळ्यांत पाणी आलं हिच्या, पदर भिजला माझा, दूध —

हात मनगटापर्यंत सुरकुतलाय. काढता येईल. सैल आहे, काढता येईल, पण काढला तर तो पुन्हा तिच्या —

नाही काढत. पी बाबा. माझं पी, मी

जीभ टाळूला चिकटली. दिपालीला हाक मारायची होती, एकदा पोरीला दाखव म्हणून, इथूनच, खिडकीतून नुस