बारावा खांब

३ डिसेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या दोन ओळी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात होत्या: ठीक आहे, काळजी घे. एवढ्यासाठी पेनाचं टोपण तरी कशाला काढतात, असं त्यांना माझ्यातर्फे विचार. फोनवर तर आमची गाडी 'जेवलास का'च्या पुढे जातच नाही. त्यांना ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारीण भिंतीवर थापा मारते.

आता बातमी. इथे परदेशात आलेल्या आपल्याकडच्या इंजिनीअरांनी एक गट काढलाय. देशातून शाळांचे, दवाखान्यांचे नकाशे येतात. आम्ही शनिवारी जमून ते फुकट तपासतो, बांधकाम भार पेलेल की नाही हे लिहून सही करतो. नऊ वर्षं मोटारी उभ्या करायच्या इमारतींची गणितं करून मला अगदी वीट आलाय गं. माझ्या हिशेबावर कुणी माणूस राहत नाही की शिकत नाही, नुसती चाकं उभी असतात. म्हणून गेलो.

आणि परवा त्या ढिगात काय निघावं? आपली शाळा! वरचा मजला चढवायचाय म्हणे. मी झडपच घातली. गटाच्या मुख्य बाई पूल बांधून म्हाताऱ्या झालेल्या. त्या म्हणाल्या, घरचं काम घरच्यानं तपासू नये. मी म्हटलं, ती शाळा माझ्या वडिलांनी बांधलीय, तिची वीट न् वीट मला ठाऊक आहे. शेवटी दिलं त्यांनी.

तर शिक्षिकाबाई, खालचे खांब मोजून मापं पाठवा, आणि हेडमास्तरांच्या कपाटात जुना नकाशा असेल तोही. बाबांना सांग, त्यांच्या खांबांवर आता मी चढणार आहे.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
बारक्या

---

२० डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मापं सोबत आहेत. शिंपीकाकांची टेप मागून आणली आणि माझ्या चौथीतल्या पोरींना खांबांना मिठ्या मारायला लावल्या. बारा खांब, बारा मिठ्या. नकाशा कपाटाच्या तळाशी सापडला, झुरळांनी एक कोपरा खाल्लाय पण आकडे शाबूत आहेत. तू उंटावर बसून शेळ्या हाक, आम्ही खाली त्यांची शेपटं धरतो.

बाबांना मी जेवताना सांगितलं. मला वाटलं, खुलतील. तर त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतला. मग विचारलं, नकाशात खांब किती दाखवलेत? मी म्हटलं, बारा. पाया किती खोल? मी म्हटलं, सगळ्यांचा सहा फूट, खाली मुरूम लागेपर्यंत. त्यावर नुसतं हं म्हणाले. 

तेव्हापासून रोज शाळा सुटताना येतात. मला वाटलं, मला न्यायला. पण ते सरळ माझ्या वर्गाच्या मागे, कोपऱ्यातल्या खांबापाशी जाऊन उभे राहतात. हात लावतात, खाली बघतात, परततात. घरातही एका जागी बसवत नाही त्यांना, अंगणात येरझाऱ्या. त्यांना बघून मीही उगाच दारात जाऊन येते. तुला काही सुचतंय का?

प्रकृतीला जप आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

---

८ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पास! तुझी शाळा पहिल्या वर्गात पास. चार रात्री बसलो, तीनदा गणित फिरवून बघितलं. बारा खांब वरचा मजला आरामात पेलतात. सही केलेलं पत्र सोबत आहे, हेडमास्तरांना दे. त्यांना म्हणावं, ज्याला तुम्ही बाकावर उभं करायचात त्याच्या सहीवर आता तुमची शाळा उभी राहणार आहे.

खरं सांगू? नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण शिकलो त्याचं काहीतरी झालं. मग घरी आलो तर चैन पडेना. तेव्हापासून असाच फिरतोय, काही राहिलंय असं सारखं वाटतं. खरं तर बाबांकडून एक शब्द हवाय. बरं केलंस, एवढा एकच. लहानपणी भिंत सरळ आहे का बघायला मी ओळंबा धरायचो तेव्हा ते दोरी बघायचे, माझ्याकडे कधी नाही. आज छत्तिसाव्या वर्षीही मला त्याचंच वाईट वाटतं, हसू नकोस.

त्यांची येरझार म्हणजे आनंदच असेल. त्यांना तो दाखवता येत नाही, दुसरं काय. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
बारक्या

---

२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं सहीचं पत्र फ्रेम करून ऑफिसात टांगलंय. काम जोरात आहे. जुन्या छतावर विटांचे आणि वाळूचे ढीग चढलेत, सेंट्रिंगच्या फळ्या लागल्यात. पंचवीस तारखेला स्लॅब पडणार. खाली आमचे वर्ग चालूच आहेत, दुसरी जागा कुठाय?

पण आज मी रागानं लिहितेय. बाबांनी माझं तोंड काळं करायचं तेवढं बाकी ठेवलंय. माझ्या वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीला एक जुनी भेग आहे. तिच्यावर ते कणकेच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवतात आणि वर तारीख घालतात! परवा भर वर्गात आले, कोपऱ्यातले बाक स्वतः ओढून दाराशी आणले आणि मुलांना दरडावलं की तिकडे कुणी बसायचं नाही. अडतीस पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, मिस्त्रींची तब्येत बरी आहे ना? बाबा त्यांच्याकडेही गेले होते म्हणे, मजला चढवू नका म्हणून. हेडमास्तर हसले आणि फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले, तुमचा मुलगा म्हणतो चढवा, तुम्ही म्हणता नको, आम्ही कुणाचं ऐकायचं? बाबा परत आले.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, हे तर चौऱ्याहत्तर. डॉक्टरांना दाखवावं का? का तुझी सही त्यांना सोसवत नाहीये? असं वाटलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आज सकाळी वरची पट्टी फाटलेली दिसली. आमची चिमणी, पहिल्या बाकावरची, तिचाच हात वळवळतो. तिला तासभर उभं केलं. रडली, पण कबूल काही होईना. बाबांनी पाहिलं तर नवी चिकटवत बसतील, म्हणून ती पट्टी सोडवून माझ्या टेबलाच्या खणात टाकली; विचारलं तर पोरांनी ओढून काढली म्हणून सांगीन.

बाबांनी तुझ्यासाठी एक बंद पाकीट दिलंय. माझ्या पत्रात घालू म्हटलं तर नको म्हणाले, वेगळं टाक आणि उद्याच टाक. टाकते बाबा.

आमच्यावर रागावू नकोस, तुझ्यावाचून हे कुणाला सांगू?

तुझी,
ताई

---

१ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
बाबांचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. चार दिवस लिहितोय. फोनवर सांगितलं असतं तर ऐकू येत नाही म्हणून मी ओरडलोच असतो आणि शेजारच्या खोलीत तुझी ताई आहे. आधी तुला कळावं.

शाळेचा पाया मी खणला तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. अकरा खांबांना मुरूम लागला. बारावा, ताईच्या वर्गामागचा. तिथे चार फुटांवर कुदळ आत गेली ती गेलीच. जुनी विहीर निघाली, कधीतरी बुजवलेली. मी ठेकेदाराला दाखवलं. तो म्हणाला, उद्घाटनाची तारीख ठरली, दगडगोटे टाका आणि वर या. मी नाही म्हणायला हवं होतं. मुख्य मिस्त्री मी होतो. तेव्हा मला वाटलं, एकाच मजल्याचं काम, निभेल. निभलं पण. तीस वर्षं लोक मला मिस्त्री म्हणून नमस्कार करतात आणि मी घेतो. झाकली मूठ म्हणतात ती हीच.

तुझं गणित चुकलेलं नाही. तुझ्या कागदावर बारा खांब आहेत, जमिनीत अकराच आहेत.

भेगेवर मी कागद चिकटवलेत. भिंत हलली की कागद फाटतो, आम्ही असंच बघायचो. अजून एकही फाटलेला नाही. पण विटांचा भार रोज वाढतोय. हेडमास्तरांना सांगायला गेलो होतो, विहिरीचा शब्द तोंडातून बाहेर पडेना. तिथे भिंतीवर तुझं नाव होतं. ते मी खाली कसं उतरवू?

तू सही मागे घे. उगाच दुसरी काही चूक शोधून लिहू नकोस, माझं नाव लिही. मी कोपऱ्यातली पोरं हलवलीत, पण ती परत जाऊन बसतात.

तू ओळंबा चांगला धरायचास. दोरी कधी हलली नाही म्हणून मी वर बघितलं नाही.

बाबा

---

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज हातात पडलं. दारातच उभ्यानं वाचलं आणि आधी हेडमास्तरांना फोन केला. काम थांबवा, विटा उतरवा, त्या बाजूचे वर्ग आत्ता बाहेर काढा. ते खूप चिडले. मग मी विहिरीचं सांगितलं, तुमच्या नावानिशी, तुम्ही म्हणालात तसंच. तेव्हा त्यांनी फोन हातात धरूनच शिपायाला हाक मारली. सही मागे घेतल्याचं पत्रही पाठवलंय.

आता माझं ऐका. आमच्या गटाचा एक छापील तक्ता असतो. त्यात तिसरा प्रश्न आहे, बांधणाऱ्याशी बोललात का? मी तिथे 'होय' अशी खूण केली, बाबा. विचारलं कुणाला होतं? वाटलं, माझेच तर वडील आहेत, काय सांगणार आहेत हे मला ठाऊक आहे. परक्या गवंड्यानं बांधली असती तर मी त्याला शोधून काढून दहा प्रश्न विचारले असते. घरचं काम घरच्यानं तपासू नये, असं गटाच्या मुख्य बाई म्हणाल्या होत्या ते हेच. तुम्ही तीस वर्षांपूर्वी गप्प बसलात ते दुसऱ्याच्या धाकानं. मला कुणाचाच धाक नव्हता, मला फक्त सही करायची घाई होती. ताई गमतीनं उंटावरचा म्हणाली, ते खरंच निघालं.

आज बाईंना सगळं सांगितलं. पुन्हा मला नकाशा देतील की नाही माहीत नाही. देऊ नये असंही वाटतं आणि तेवढ्यानंच जीव तुटतो.

मी पुढच्या महिन्यात रजा टाकून येतोय. खणून बघू. त्या खांबाखाली नवा पाया घालता येतो, पण विहीर कुठवर आहे हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. लोक काही बोलले तर बोलू देत. मी येईपर्यंत त्या खांबापाशी तुम्ही एकटे उभे राहू नका.

तुमच्या रागालाही मी तयार आहे, फक्त गप्प राहू नका.

तुमचा,
बारक्या

---

२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला त्याच दिवशी मुलांना बाहेर काढलं. वर्ग आता समोरच्या मंगल कार्यालयात भरतात. विटा उतरवायला पाच दिवस लागले. पालक दारात येऊन बाबांना नाही नाही ते बोलले. बाबा सगळ्यांसाठी पाणी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, खरं आहे, माझ्याच हातून झालं. तिथे मात्र मी रडले. डॉक्टरांना दाखवू का म्हणून मीच विचारलं होतं ना?

मंगळवारी खणलं. बाबांनी काठीनं रेघ मारून दिली, इथेच, म्हणाले. चौथ्या फुटाला दगडगोटे लागले. एक दगड सुटून खाली गेला आणि जरा वेळानं पाण्याचा आवाज आला. हेडमास्तर खड्ड्याच्या कडेवरून मागे सरले. मग त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. खड्डा उघडा ठेवलाय, तुझी वाट बघत.

आता हे लिहायला हात होत नाही. काल टेबल हलवताना खण उघडला. ती पट्टी मी सोडवली तेव्हा रागात होते, बघितलंच नव्हतं. तिला चुरगळ्याची एक खूण नाही रे. भेगेच्या रेषेवर सरळ फाटलीय, आणि मी सोडवली तेव्हा दोन्ही तुकडे भिंतीला घट्ट चिकटलेले होते, तरी मधे नख जाईल एवढी फट होती. ते मला आत्ता आठवतंय. बाबा रोज येऊन वाट बघत होते ती हीच पट्टी. ती फाटल्यावरही आम्ही तिथेच आणखी बारा दिवस पाढे म्हटले.

आज सगळ्या वर्गासमोर चिमणीची माफी मागितली. ती म्हणाली, मी तेव्हाच सांगितलं होतं बाई.

पट्टी सोबत पाठवतेय. तारीख बाबांच्या अक्षरात आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू आलास की आपण दोघं मिळून सांगू, मला एकटीला जमणार नाही. लवकर ये.

तुझी,
ताई

ता. क. बाबांनी तुझा जुना ओळंबा माळ्यावरून काढून तेल लावून ठेवलाय. दोरी नवी आहे.