लळिंगवरून दिसलेलं लाल कापड

गुरुवार, २० जानेवारी १९३८. धुळे.

सुगंधा पाटील शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. म्हणाली, "बाई, मालेगावच्या सामन्यांना तुम्ही येऊ नका."

खोखोच्या संघाची कप्तान. वय सोळा. बावीस वर्षं मी या शाळेची हेडमिस्ट्रेस — आजवर एकाही मुलीने मला "नका" म्हटलेलं नाही!

कारण विचारलं. मान खाली, पण बोलणं स्वच्छ. "तुम्ही कडेला उभ्या राहून ओरडता. मग आम्ही पळणारीकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो."

गेल्या वर्षी अमळनेरला शेवटच्या मिनिटाला मी "खो दे!" म्हणून ओरडले. तिने घाईने दिला, चुकला, पंचांची शिट्टी झाली. ढाल गेली. तिचा रोख तिकडेच होता.

"बरं. नाही येत," म्हणाले.

ती गेल्यावर हजेरीपट उघडा ठेवून नुसती बसले. राग आला होता. आणि खरं लिहायचं तर अभिमानही वाटला. असं तोंडावर बोलायला मीच शिकवलं आहे, दुसऱ्या कोणी नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी

कमिटीचे अध्यक्ष लीलाधरशेठ शाळेत आले होते. "बाई, दोन वर्षं पोरी गावोगाव हिंडल्या, हात हलवत परत आल्या. लोक बोलतात. या खेपेला ढाल आणली तर संघ राहील. नाही तर बंद." मी पाऊण तास वाद घातला. ते "हो, पण —" एवढंच म्हणत राहिले. एवढ्या वादाने दुसरा कोणी हरला असता, हे हरले नाहीत.

सामने शनिवार-रविवार, म्हणजे रविवारी काय ते ठरणार. आणि मी धुळ्यात बसून राहू? अशक्य. वेड लागेल.

लळिंगच्या किल्ल्यावर जाते. एकटी. पायी सहा मैल. एक मुक्काम. पुण्याला कॉलेजात असताना सिंहगड दोनदा चढले, पण पुढे प्रोफेसर, मागे गडी, मधे आम्ही पाच जणी. ते चढणं काही खरं नव्हे.

शिवाय मालेगावचा रस्ता लळिंगच्या पायथ्याशीच आहे. मुलींची लॉरी माझ्या डोळ्यांखालून जाणार! संघाला आणि सोबत जाणाऱ्या पुष्पाबाईंना सांगून ठेवलं — जिंकलात तर सुगंधाचा कमरेचा लाल पटका लॉरीच्या मागे बांधा. हरलात तर काही बांधू नका. माझं मन राखायला खोटं फडकवायचं नाही. आणि मला घ्यायला लॉरी थांबवायची नाही. मी चालत येईन.

पुष्पाबाई म्हणाल्या, "एकट्या? तंबूत? या वयात?"

वय एकावन्न. पाय त्याहून तरुण आहेत. मुलांच्या शाळेतल्या स्काउटांचा लहान तंबू मागून आणला. दादाची दुर्बीण घेतली. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचे धावफलक चिकटवलेली वही मात्र घरीच. दोन दिवस खेळाचं नाव नाही!

शनिवार, २२ जानेवारी. लळिंग, संध्याकाळ.

पहाटे साडेपाचला निघाले. थंडी चांगलीच. कापसाच्या गाड्या समोरून धुळ्याकडे चाललेल्या. गाडीवान पाठीवरचा तंबू बघून बैल थांबवत. मी थांबले नाही. पायथ्याच्या गावात पोचायला दोन तास पाच मिनिटं लागली.

गावात विहिरीवर भिकुबाई म्हणून एक म्हातारी भेटली. कुरणातलं गवत कापते.

"एकलीच शे का वं माय? धनी कोठे शे तुना?"

"धनी नाही. शाळा आहे."

"मंग शाळा कोठे शे?"

मी मागे धुळ्याकडे बोट दाखवलं. तिने ओच्यातून दोन हिरवी वांगी काढून दिली, मिरच्या दिल्या. "वर काहीच नही भेटाव. भरीत करी खाय." आणि मागून ओरडली, "भेव वाटनं तर हाक मार!" एवढ्या खालून ती काय करणार होती कोण जाणे. पण बरं वाटलं.

चढ उभा आहे. तीनदा बसले. (दोनदा लिहिणार होते. रोजनिशीत खोटं कशाला?) वर ललितामातेचं देऊळ, पाण्याची टाकी, पडकी तटबंदी. तंबूच्या खुंट्या कातळात शिरेनात. एक वाकली. मग दोर तटाच्या धोंड्यांना बांधले. तंबू तिरका आहे, पण उभा आहे. मीच उभा केला.

वांगी काट्याकुट्यांवर भाजली. एक जळालं, एक जमलं. घरून आणलेली कळण्याची भाकरी, भरीत, कच्चा कांदा. समोर धुळ्याच्या कापूस पिंजणाऱ्या जिनांची धुराडी बोटाएवढी.

या वेळी मालेगावात पहिला सामना संपला असेल. सुगंधा सुरुवातीला दमते. तिला आधी पळवू नका म्हणून पुष्पाबाईंना सांगायचं राहिलं!

खेळाचं नाव नाही म्हटलं होतं.

रविवार, २३ जानेवारी. किल्ल्यावर, दुपार.

रात्री वारा होता. तंबू पडला नाही. मी घाबरले नाही. एकदा उठून बसले, पण ते गारठ्याने.

सकाळी तटावरून पूर्ण फेरी मारली. टाक्याच्या पाण्याने तोंड धुतलं. आरसा नाही, घंटा नाही, कोणी "बाई, बाई" करत नाही. इतकी वर्षं उगाच सोबतीची वाट बघत राहिले.

अकरापासून दुर्बीण घेऊन कड्यावर बसले. बैलगाड्या. उतारूंनी भरलेली एक सर्व्हिस मोटार. पुन्हा बैलगाड्या. दुर्बीण स्थिर राहावी म्हणून कोपर दगडावर टेकलं.

दोन वाजून दहा मिनिटं — आली! आमच्या ड्रायव्हर नथ्थूची लॉरी. पोरी टपाच्या कडेने हात हलवत होत्या, मला शोधत होत्या. मी उभी राहून पदर हलवला. लॉरी वळली, मागची बाजू दिसली.

लाल! मागे लाल कापड फडफडत होतं!

मी ओरडले. दोन्ही हात वर करून, घसा फुटेपर्यंत. इथे पंच नव्हता.

रविवार, घरी. दिवेलागण.

उतरताना एकदाही बसले नाही. भिकुबाईला सांगितलं, "माझ्या पोरी जिंकल्या." ती म्हणे, "बठ्ठ्या पोरी तुन्याच शेत का?" म्हटलं, "हो, बठ्ठ्या. सगळ्याच्या सगळ्या."

धुळ्यात शिरतानाच रस्त्यावर लीलाधरशेठांचं जिन. तशीच आत गेले. पाठीवर तंबू, धुळीने पांढरी. शेठ एकटेच खुर्चीत एक कागद वाचत होते. मला बघून कागद खिशात घातला, तोंड उघडलं. मी बोलू दिलं नाही. म्हटलं, ढाल आली, मी डोळ्यांनी पाहिलं, आता शब्द पाळा, आत्ता लिहून द्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तंबूकडे पाहिलं, दौत ओढली आणि लिहून दिलं — मुलींचा संघ कायम.

चिठ्ठी उशीखाली ठेवली आहे. पाय सुजलेत. असा दिवस आयुष्यात आला नव्हता.

सोमवार, २४ जानेवारी. मधली सुटी.

हरल्या. दोन गुणांनी. शेवटच्या सामन्यात.

सकाळी शाळेत पेढे घेऊन गेले तर नऊच्या नऊ जणी रांगेत उभ्या, डोळे सुजलेले. पुष्पाबाई मागे. मी म्हटलं, "मग लाल कापड?" एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. सुगंधाने पिशवीतून पटका काढला. घडी मोडलेली नव्हती.

पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं हिला, बांध, बाई डोंगरावर एकट्या आहेत, तेवढाच आनंद. तर ही माझ्यावरच उसळली — 'बाईंनी दुर्बिणीतून खोटं बघायचं का?'"

नथ्थूला बोलावलं. लॉरी पोरींनी भरलेली. मालेगावकरांनी आपले खांब आणा म्हणून कळवलेलं, त्यामुळे नेलेले खोखोचे दोन्ही खांब लॉरीच्या मागून हातभर बाहेर आले होते. "मंग फडकं बांधं मी. मांगना गाडीवालाले दिसाले नको का, बाई?"

बरोबर आहे. बाहेर आलेल्या मालाला लाल फडकं लावतात. कापसाच्या गावात जन्म गेला माझा!

पेढे वाटले. कशाबद्दल ते सांगितलं नाही. सुगंधाला दोन दिले. ढाल आणली असती तर एकच दिला असता. अशी मुलगी माझ्या शाळेत तयार झाली. तिने खोटं फडकवलं नाही, आणि मी काल खोटं सांगून सही घेऊन आले.

शाळा सुटली की चिठ्ठी परत करायला जाणार. संघ जाईल. जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं म्हणू? पण जाणार.

सोमवार, रात्री

शेठांनी चिठ्ठी हातात घेतलीच नाही. खिशातून कालचा कागद काढून पुढे ठेवला. मालेगावची तार — दोन गुणांनी हार. रविवार दुपारी एक वाजता आलेली.

"मग काल बोलला का नाहीत?"

"बाई, तुम्ही बोलू दिलंत कुठे?" मग चिठ्ठी माझ्याकडेच सरकवून — "आता एकच सांगा. तंबूत वारं फार लागलं का? आमची धाकटी सुगंधाच्याच वर्गात आहे. ती विचारते, पुढच्या खेपेला बाई तिला नेतील का?"