रिकाम्या खोलीतली ऊब

८ जानेवारी

‘तरंगत्या चेंडूंची अभिनव कल्पना बाईंना एका रात्रीत सुचली.’ — साफ चूक! एका रात्रीत तिला काहीही सुचले नाही. रात्री ती घोरत असे.

स्मृतिपत्रकाचा मसुदा आज शेंडेफळ देऊन गेला. शेंडेफळ म्हणजे माझ्या बायकोचा शेवटचा विद्यार्थी. नाव तिनेच ठेवलेले. आता तो तिच्या ऊर्जाबचत संस्थेचा संचालक आहे, टक्कल पडले आहे, पण नाव सुटलेले नाही. “सर, तुमच्या नजरेखालून गेलं की आम्ही निश्चिंत. शुक्रवारी छपाई, रविवारी सभा.” चहालाही थांबला नाही.

लाल पेन घेऊन बसलो. वस्तुस्थिती अशी — कापड रंगवणाऱ्या रंगशाळेत उकळत्या रंगाच्या टाक्या उघड्या असत. वाफ छपराला लागे आणि जळणाचा मोठा भाग त्या वाफेबरोबर आकाशात जाई. तिने प्रथम लाकडी झाकणे करून घेतली. पण कापड सारखे बुडवायचे नि काढायचे. दर वेळी झाकण कोण उचलणार? महिनाभरात सारी झाकणे भिंतीला लागली आणि कामगार त्यांच्यावर बसून डबे खाऊ लागले. तीही त्यांच्याशेजारी त्याच झाकणावर बसून जेवली. घरी येऊन म्हणाली, “माणसं बरोबर आहेत. झाकण चुकलंय.”

त्यानंतर तीन हिवाळे गेले, तेव्हा कुठे चेंडू आले. पोकळ, मुठीएवढे, पाण्यावर दाटीने तरंगणारे. कापड खाली गेले की बाजूला होतात, वर आले की आपापल्या जागी परततात. कोणी काही उचलायला नको. ‘एका रात्रीत’ म्हणे!

‘त्यांच्या जाण्याने न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली’ हेही खोडले. जिने आयुष्यभर पोकळीलाच कामाला लावले, तिच्यावर हे वाक्य फेकू नये. अकरा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ. मृत्यूची तारीखही धड नाही — ‘नोव्हेंबरच्या अखेरीस’. माणूस अखेरीस वगैरे जात नाही. अमुक दिवशी जातो.

शेवटचे वाक्य: ‘त्यांच्या पश्चात त्यांचे पती हे ऊर्जाबचतीचे व्रत तितक्याच निष्ठेने चालवीत आहेत.’

या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. म्हणून हात लावला नाही.

हे लिहीत असताना तिच्या खोलीतला हीटर चालू आहे. खोलीत कोणी नाही.

९ जानेवारी

चालूच.

१० जानेवारी

निदान या वहीत तरी वाक्य पूर्ण करावे.

तिची खोली घराच्या थंड अंगाला. ऊन येतच नाही. मी वर्षानुवर्षे हीटरसाठी कटकट केली. तिचे उत्तर ठरलेले — “माणूस उबवायचा, खोली नव्हे.” मी म्हणे, “‘उबवणे’ हे क्रियापद अंड्यांकरिता आहे.” ती म्हणे, “मग स्वतःला अंडं समजा, अहो शुद्धलेखन, आणि दुसरा स्वेटर चढवा.” पाहुणे आले तर त्यांच्याही खांद्यावर शाल टाकी, खोलीचा विचार नाही. शेवटी मी पाहुण्यांच्या नावाखाली एक हीटर आणलाच. तो खोक्यातच राहिला. तिने त्या खोक्यावर कुंडी ठेवली.

दवाखान्यातून एकटा परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा चष्मा शोधायला त्या खोलीत गेलो. थंडी नेहमीचीच होती. पण ती तेथे बसलेली असे तेव्हा ती थंडी तिची वाटे — तिचा हट्ट, तिचा विनोद. आता नुसती थंडी होती. कुंडी खाली ठेवली. खोके फोडले.

तेव्हापासून हीटर बंद केलेला नाही. दार लावून घेतो. स्वतःला सांगतो — पुस्तकांना दमट हवा बाधते. तिने गावोगाव, टाकीटाकीला जाऊन जी ऊब वाचवली, ती मी तिच्याच नावाने रिकाम्या खुर्चीवर उधळतो आहे. आणि पत्रकात माझी निष्ठा छापली जाणार!

शेंडेफळाला कळवावे. त्यात अवघड ते काय?

कळवले नाही.

११ जानेवारी

मुलगी आली. रविवारच्या सभेत बोलणार आहे, म्हणून सुट्टी काढून आधीच आली.

मी दार उघडले. तिने पिशवी खाली ठेवण्याआधी वर विजेच्या मीटरकडे पाहिले! आईने लावलेली सवय. शाळेला निघताना मायलेकी दाराशी थांबून मीटरची चकती पाहात. चकती फिरत असेल तर घरात काहीतरी विसरले आहे, आणि ते शोधून बंद केल्यावाचून उंबरठा ओलांडायचा नाही. शाळेला उशीर झाला तरी चालेल. मुख्याध्यापिकांना एकदा कारण म्हणून ‘चकती’ असे लिहून दिले होते.

“बाबा, ही चकती आहे की भिंगरी? काय लावलंय घरात?”

मी म्हणालो, “चहा टाकतो.”

ती सरळ आईच्या खोलीशी गेली. दार उघडले. उबेचा लोट अंगावर आला तशी थबकली. मी मागे किटली घेऊन उभा.

“पुस्तकांना दमट हवा...” मी सुरुवात केली.

“आईची पुस्तकं चाळीस वर्षं इथं काकडत होती. एकाला तरी सर्दी झाली?”

वाटले, आता रागावेल, बटण बंद करील. मला बरे वाटले असते. पण ती आत गेली आणि आईच्या खुर्चीत बसली. हात हीटरपुढे धरले.

“राहू दे चालू,” म्हणाली. “या खोलीत पहिल्यांदाच माझी बोटं हलतायत. इथं बसून गणितं करायचे मी, आठवतं? आकडे वाकडे यायचे. आई म्हणायची, हातमोजे घाल. हातमोजे घालून भूमिती!”

हसलो दोघेही. मग ती हसायची थांबली.

“आई जगाची ऊब वाचवत फिरली, बाबा. मला ऊब दिली ती तुम्ही. हिवाळ्यात रोज सकाळी तो गरम गणवेश हातात द्यायचात. शर्ट, मोजे, सगळं शेकल्यासारखं. वर्गात कुणाच्या घरी असलं नव्हतं. रविवारी मी तेच सांगणार आहे.”

मी चहा गाळला.

१२ जानेवारी

ते मी केलेले नव्हते.

रंगशाळेच्या भट्ट्या पहाटे पेटत. गार पाण्यापासून उकळीपर्यंत किती जळण लागते हे मोजायचे, तर भट्टी पेटण्याआधी हजर राहणे भाग. हिवाळ्यात ती अंधारात निघून जाई. पण आदल्या रात्री मुलीचा गणवेश आणि मोजे घेऊन ती स्वतःच्या रजईत झोपे — पोटाशी धरून, चुरगळणार नाही अशा घड्या घालून. निघताना ते कपडे माझ्या रजईत खुपशी. “थंड होऊ देऊ नका हं.” मी अर्धवट झोपेत ‘हं’ म्हणे. मुलगी उठली की कपडे तिच्या हाती देई.

मी केवळ टपालवाला. पत्र तिचे होते.

मुलीने आईला हिवाळ्यातल्या सकाळी घरात कधी पाहिलेच नाही; दाराशी चकती पाहणे इतर ऋतूंतले. कपडे माझ्या हातून आले, म्हणून ते माझे झाले. तिची चूक स्वाभाविक आहे. ती असे समजते हे मला काल प्रथम कळले.

कळले, त्याच क्षणी दुरुस्ती करायला हवी होती. भाजीवाल्याच्या पाटीवरचे ‘टॉमेटो’ दुरुस्त करणारा माणूस मी! आणि काल चहा गाळत राहिलो. का? कारण गोड वाटले. इतक्या वर्षांनी कोणीतरी म्हणाले, तुम्ही मला ऊब दिलीत. हेच ते — गोड वाटले! मेलेल्या बायकोच्या ताटातला घास उचलावा तसे.

दुपारी शेंडेफळाचा फोन. “सर, छापायला सोडतोय. आणखी काही दुरुस्ती?”

“नाही,” म्हणालो.

एका फोनमध्ये एक खोटे, घरात दुसरे.

१३ जानेवारी

मुलीने भाषणाचा कागद पुढे केला. “बाबा, शुद्धलेखन बघता?”

वाचला. आईविषयीचा पहिला भाग चांगला आहे. रंगशाळेमागच्या नाल्यात उकळते पाणी सोडत, त्यावर ती मालकाला म्हणाली होती — “मासेही मारता आणि जळणही जाळता. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही घरचेच!” — तो प्रसंग आहे. मग तिने जाणाऱ्या गरम पाण्याचा नळ येणाऱ्या गार पाण्यातून कसा फिरवला, ऊब आत कशी ठेवून घेतली, नाला कसा निवला, तेही नीट सांगितले आहे.

मग शेवटचा परिच्छेद. ‘पण घरातली ऊब मात्र माझ्या बाबांची होती.’ त्याखाली गणवेशाची हकीकत. सुरेख लिहिली आहे. डोळ्यांत पाणी आले. कोणत्या कारणाने, ते लिहीत नाही.

‘ऊब’मधला ऊ तिने ऱ्हस्व काढला होता. तो दीर्घ केला. कागद परत दिला.

“बाकी ठीक?”

“ठीक.”

एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. आणि एवढ्या लाजेनेही तोंड उघडले नाही, याची आणखी निराळी.

१४ जानेवारी

सभा झाली. क्रमाने लिहितो.

सभागृह भरलेले. तिच्या सांगण्यावरून खिडक्यांना दुहेरी काचा बसवलेल्या, त्यामुळे हीटरविना उबदार. दाराशी प्रत्येकाच्या हातात पत्रक. लोक शेवटचे वाक्य वाचीत आणि माझ्याकडे पाहून मान लववीत. शेंडेफळाने माझा हात दोन्ही हातांत धरला. “सर, तुम्ही आहात म्हणून बाई आहेत.” मी हात सोडवून घेतला.

मुलगी बोलायला उभी राहिली. चेंडू, नाला, मासे. लोक हसले, हळहळले. मग तिने पान उलटले. ‘पण घरातली ऊब मात्र...’

मी उभा राहिलो.

सभागृहात खसखस पिकली. माझी ख्याती सर्वांना ठाऊक. व्याख्यात्याला मध्येच थांबवून प्रत्यय दुरुस्त केल्याचे अनेक साक्षीदार तेथेच बसलेले. शेंडेफळ खुर्चीतून म्हणाला, “सर, शब्द चुकला का?”

“शब्द बरोबर आहे. कर्ता चुकला आहे.”

आणखी मोठा हशा. मी हसू ओसरेपर्यंत थांबलो. मग सांगितले. रजई, पोटाशी धरलेला गणवेश, अंधारातले निघणे, ‘थंड होऊ देऊ नका हं’. माझी वाक्ये नेहमीसारखी बांधीव नव्हती. एक अर्धे राहिले. नंतर म्हणालो, “पत्रकातले शेवटचे वाक्यही खोटे आहे. तिच्या रिकाम्या खोलीत मी ती गेल्यापासून हीटर जाळतो आहे. मसुदा माझ्या हातात होता. मी बाकी सारे दुरुस्त केले, ते सोडून.”

कोणी हसले नाही. मी ओळीओळीने पाहिले. लोक पत्रकात पाहात होते.

मुलीने कागदाची घडी केली. “बाबांनी दुरुस्त केलंय,” म्हणाली. “माझं भाषण संपलं.” आणि खाली बसली.

आम्ही घरी आलो. दार उघडल्यावर तिने सवयीने मीटरकडे पाहिले. चकती फिरत होती. मी तसाच आत गेलो, हीटर बंद केला, तारेची गुंडाळी केली. परत आलो तर ती स्वयंपाकघराच्या दारात.

“सगळ्यांसमोर, बाबा? तीन दिवस मी याच घरात होते. कागद तुमच्या हातात दिला होता. एक ऊ दीर्घ करून परत दिलात!”

“हो.”

“चाळीशी उलटली माझी. मी तिला गार समजत राहिले. दवाखान्यातसुद्धा... मी तिचा हात धरला, पण पाहुण्यासारखा. हे कळतंय तुम्हाला?”

कळते आहे. जी दुरुस्ती गुरुवारी चहाबरोबर करता आली असती, ती मी तिला भर सभेत, व्यासपीठावर एकटी उभी करून ऐकवली. सत्य सांगतानादेखील मी माझ्याच सोयीची वेळ निवडली.

ती आईच्या खोलीत झोपायला गेली. खोली आता गार पडत असणार. मी दुसरी रजई घेऊन दाराशी गेलो.

“नको,” आतून म्हणाली. “आईचे दोन्ही स्वेटर घातलेत.”

सदरा काढून खुंटीला लावतो आहे. पुढे लिहवत नाही.

१५ जानेवारी

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तर शेंडेफळाकरिता:

तरंगते चेंडू — एका रात्रीत नव्हे; झाकणे फसल्यानंतर तीन हिवाळ्यांनी.

मृत्यू — ‘नोव्हेंबरच्या अखेरीस’ नव्हे. १९ नोव्हेंबर, दुपारी.

पतीची निष्ठा — २० नोव्हेंबर ते १४ जानेवारी, खंडित.

गणवेश — मुलीच्या शाळेचा प्रत्येक हिवाळा. उबवणारी: आई. (‘उबवणे’ हेच क्रियापद. तिचे बरोबर होते.)

सदरा — काल, १४ जानेवारी, झोपताना खुंटीवर. आज, १५ जानेवारी, जाग आली तेव्हा माझ्या रजईत, छातीशी, नीट घडी घातलेला. घर शांत, चकती थांबलेली. मुलगी पहाटेच्या गाडीने गेलेली.

सदरा अजून गरम होता.